राइस कुकर घ्यायचा तर आधी रोजचा तांदूळ मोजा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. पुण्यात राहता, घरात चार माणसं, दोघांचे डबे सकाळी आठच्या आत भरायचे, तांदूळ कायम इंद्रायणी, सासूबाईंना दातांमुळे भात मऊ लागतो, प्रेशर कुकरच्या शिट्ट्या मोजत उभं राहायचा कंटाळा आलाय, आणि दुकानदार म्हणतोय २.८ लिटरचा घ्या, पाहुणे आले तरी पुरेल. बजेट तीन हजार. मी चिपळूणला मिक्सर, इस्त्री, कुकर यांचं दुरुस्तीचं दुकान चालवतो, यंदा तेवीस वर्षं झाली, आणि घरी आम्ही दोन्ही वेळेला भात खाणारी माणसं, त्यामुळे या विषयावर जरा लांबण लागेल पण एकदा नीट सांगतो.

आधी एक विचारतो. तुम्ही आत्ता प्रेशर कुकरमध्ये खाली तुरीची डाळ आणि वरच्या भांड्यात तांदूळ असं एकदमच लावता का? तसं असेल तर राइस कुकर घेऊन तुमचं काम कमी होणार नाही, वाढेल. प्रेशर कुकरमध्ये आत १२० डिग्रीच्या आसपास जातं म्हणून डाळ तीन-चार शिट्ट्यांत गळते. राइस कुकरमध्ये दाब नसतो, पाणी १०० च्या वर जातच नाही, त्यात तुरीची डाळ भिजवून लावली तरी तास-सव्वा तास घेईल आणि तरी घोटली जाणार नाही. म्हणजे वरणासाठी प्रेशर कुकर लावायचाच आहे, मग भात त्याच गॅसवर फुकटात होत होता तो वेगळा का करायचा. हे दुकानात कोणी सांगत नाही. पण तुमच्या लिहिण्यावरून वाटतं की डाळ तुम्ही आदल्या रात्री शिजवून फ्रीजमध्ये ठेवता आणि सकाळी फक्त भात लावता, तसं असेल तर राइस कुकर तुमच्या खरंच कामाचा आहे, तांदूळ टाकला, स्विच खाली केला आणि पोळ्या लाटायला मोकळ्या.

आता मापाचं. २.८ चा अजिबात घेऊ नका. माझ्याकडे "भात कच्चा राहतो, कुकर बिघडलाय" म्हणून जे कुकर येतात त्यातले कितीतरी बिघडलेले नसतातच, मोठ्या कुकरमध्ये रोज मूठभर तांदूळ शिजत असतो एवढंच. कसं होतं बघा, मोठं रुंद पातेलं, तळाशी तांदळाचा पातळ थर, पाणी कमी आणि वाफ व्हायला जागा भरपूर, त्यामुळे पाणी लवकर उडतं, मधला भाग आधी कोरडा पडतो, स्विच वेळेआधीच वर येतो आणि वरच्या दाण्यात कणी राहते, खाली मात्र खरपुडी धरलेली. मग माणूस पाणी वाढवतो, तर खाली लगदा आणि कडेला कणी.

कुकर घेताना रोजचं माप धरायचं, सणाचं नाही. कुकरबरोबर जो प्लॅस्टिकचा कप येतो तो बहुतेक १८० मिलीचा असतो, ते जपानी माप आहे, त्यात साधारण १५० ग्रॅम तांदूळ बसतो. पोळीबरोबर भात खाणाऱ्या चार माणसांना एका वेळेला दोन कप खूप झाले, आमच्यासारखे भातावरच जेवणारे असतील तर साडेतीन-चार कप. म्हणजे तुम्हाला १ लिटरचा कुकर बरोबर. त्यात पाच कप तांदूळ बसतो असं लिहिलेलं असतं, पण इंद्रायणीला तीनच्या वर जाऊ नका, कारण पुढे सांगतो. आणि डब्यावरचा लिटरचा आकडा डोळे झाकून घेऊ नका, काही कंपन्या तो कच्च्या तांदळाचा लिहितात आणि काही अख्ख्या पातेल्यात किती मावतं त्याचा, त्यामुळे दोन कंपन्यांचे "१.८" शेजारी ठेवले तर एक दुसऱ्याच्या निम्माही निघू शकतो. कच्चा तांदूळ किती ग्रॅम असं कुठे लिहिलंय का ते शोधा, तोच आकडा खरा. पाहुणे वर्षातून पाच-सहा वेळा येतात, तेव्हा गॅसवर मोठं पातेलं चढवा.

आता आतलं यंत्र कसं चालतं ते सांगतो, कारण ते कळलं की कुठला घ्यायचा आणि कसा वापरायचा दोन्ही कळतं. दुकानात कोणी पाच मिनिटं थांबलं तर मी झाकण आणि पातेलं काढून दाखवतो. आत हीटरची ॲल्युमिनियमची जाड तबकडी असते आणि तिच्या बरोबर मधे रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं एक गोल बटण. बोटाने दाबलं तर ते स्प्रिंगवर खाली जातं, सोडलं की वर येतं. हाच कुकरचा मेंदू. पातेलं ठेवलं की त्याचा तळ या बटणाला टेकतो. बटणाच्या आत खास जातीचा लोहचुंबकीय तुकडा असतो, तुम्ही स्विच खाली केला की एक चुंबक त्याला जाऊन चिकटतो आणि हीटर चालू राहतो. पातेल्यात पाणी आहे तोवर तळ १०० च्या आसपासच राहतो. सगळं पाणी तांदळाने पिऊन टाकलं की तळाचं तापमान चढायला लागतं, १०३-१०५ च्या पुढे गेलं की त्या तुकड्याची चुंबकाला धरायची ताकद जाते, स्प्रिंग त्याला सोडवते आणि टक् करून स्विच वर. वेळ मोजणारं काही नाही, इलेक्ट्रॉनिक काही नाही. तांदूळ किती घातला हे त्याला माहीत नसतं, पाणी संपलं एवढंच कळतं. जपानमध्ये तोशिबाने १९५५ साली पहिला आपोआप बंद होणारा कुकर आणला तेव्हा वेगळी युक्ती होती, बाहेरच्या भांड्यात मोजून पाणी घालायचं आणि ते वीसेक मिनिटांत उडून गेलं की स्विच पडायचा, पण मूळ विचार तोच, पाणी संपलं म्हणजे भात झाला.

हे बटण आणि पातेल्याचा तळ यांच्यामधे काही येऊ देऊ नका. मागच्याच आठवड्यात एक काकू कुकर घेऊन आल्या, महिनाभर भात नीट होत नाही म्हणून वैतागलेल्या. पातेलं काढलं तर तबकडीवर भाताचं एक शीत चिकटून जळून काळं ठिक्कर झालेलं, खडा झाला होता त्याचा. एका शिताच्या जाडीने पातेलं एका बाजूला उचललं जात होतं, तबकडीची उष्णता पातेल्यात उतरत नव्हती, भात अर्धा कच्चा आणि हीटर उगाच तापतोय. नखाने खरवडलं, ओल्या फडक्याने पुसलं, वाळवलं, त्यांच्यासमोर एक कप तांदूळ लावून दाखवला. पैसे कसले घ्यायचे. तुम्ही पातेलं आत ठेवताना बाहेरून कोरडं पुसा आणि ठेवल्यावर दोन्ही हातांनी धरून थोडं डावी-उजवीकडे फिरवा म्हणजे नीट बसतं. तांदूळ त्या पातेल्यात धुवायचा नाही, वेगळ्या भांड्यात किंवा रोवळीत धुवायचा, पातेल्याला चरे पण पडत नाहीत आणि बाहेरून ओलंही होत नाही.

आणि कळकळीने सांगतो, कुकरचं पातेलं गॅसवर ठेवू नका. पुलाव करायचा म्हणून त्याच पातेल्यात गॅसवर फोडणी करतात, मग तेच उचलून कुकरमध्ये. एकदा-दोनदा चालून जातं, तिसऱ्यांदा तळ फुगतो. डोळ्याला दिसत नाही, पण फूटपट्टी लावली की खालून फट दिसते, आणि तळ बटणाला व्यवस्थित टेकला नाही की कुकर कितीही भारी कंपनीचा असू दे, भात बिघडणारच. पातेलं पडून पोचा आला तरी तेच. फोडणी कढईत करा आणि ती पातेल्यात ओता.

पातेलं कशाचं, हे तुम्ही विचारलंय. नॉनस्टिकला भात चिकटत नाही, धुवायला सोपं, पण स्टीलचा चमचा किंवा काथ्या लागला की वर्ष-दोन वर्षांत पापुद्रे सुटतात. नॉनस्टिकच्या विषाची जी भीती घालतात ती रिकामं भांडं गॅसवर लाल तापवण्याची गोष्ट आहे, २६० डिग्रीच्या पुढची, भाताचा कुकर तिथवर जात नाही, पण पापुद्रे निघालेलं पातेलं मी तरी घरात ठेवणार नाही. स्टीलचं टिकतं खूप, मात्र स्टील उष्णता सारखी पसरवत नाही, इंद्रायणीसारखा चिकट भात तळाला धरतो आणि पातेलं तासभर भिजत घालावं लागतं. साधं पांढरं ॲल्युमिनियम नको, कोकम, टोमॅटो, चिंच घातलेलं काही केलं की खरवडल्यासारखं होतं. माझी पसंती जाड ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमला, ते करड्या रंगाचं असतं. दुकानात पातेलं हातात घेऊन वजन बघा, कडेला दाबून बघा, पत्रा दबला तर ठेवून द्या. त्याच दुकानदाराला विचारा की सुटं पातेलं आणि सुटं झाकण मिळतं का, किती दिवसांत. ज्या कंपनीचं पातेलं तुमच्या गावात मिळत नाही तो कुकर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका, कारण बाकी कुकर दहा वर्षं चालतो आणि पातेलं आधी जातं.

झाकणाबद्दल लोक विचारच करत नाहीत आणि इंद्रायणीवाल्यांनी तोच आधी करायला पाहिजे. इंद्रायणी म्हणजे आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचं काम, १९८७ सालापासून आहे. आंबेमोहोराचा वास आणि चिकटपणा दोन्ही त्यात उतरलंय. हा तांदूळ उकळला की फेस धरतो, घट्ट पेजेसारखा, आणि काचेच्या झाकणाच्या भोकातून कारंजं उडतं. ओटा खराब होतो ते सोडा, ते पाणी बाहेरून ओघळून खाली स्विचच्या खाचेत जातं, तिथे वाळून डिंकासारखं होतं आणि मग स्विच खाली केला तरी धरत नाही किंवा वर येत नाही. मी उघडतो तेव्हा आत खळ लावल्यासारखं असतं सगळं. म्हणून इंद्रायणी, आंबेमोहोर, घनसाळ खाणाऱ्यांनी पातेलं निम्म्याच्या वर भरायचं नाही, तांदूळ तीन-चार पाण्यांतून धुवायचा, वर चमचाभर तूप किंवा तेल सोडायचं, फेस बसतो. झाकण बिजागरीचं घेतलंत तर वाफेची टोपी निघते का ते बघा, ती आणि रबर रोज धुवावं लागतं, नाहीतर आठ दिवसांत आंबूस वास मारतो. रोज धुणं होणार नसेल तर काचेचं साधं झाकणच बरं. कोलम किंवा एचएमटी खाणाऱ्यांना हा त्रास फारसा नाही.

पाण्याचं प्रमाण. "एकास दोन" हे पाठ करून चालत नाही. तांदूळ जे पाणी पितो ते तांदळाच्या हिशोबात असतं, पण वाफ होऊन जे उडतं ते जवळपास तेवढंच राहतं, एक कप लावा नाहीतर तीन. म्हणून एका कपाला दोन कप पाणी लागलं तर तीन कपांना सहा घातलं की चिखल होतो, तिथे सव्वापाच पुरतं. जुन्या इंद्रायणीला दोन कप तांदळाला पावणेचार कप पाण्यापासून सुरुवात करा, नवा तांदूळ असेल तर सव्वातीन, आणि पुढच्या दोन-तीन वेळेला पाव कपाने इकडे-तिकडे करून तुमचं माप ठरवा. गोणी बदलली की परत बघायचं. बोटाच्या पेराचं माप वाईट नाही, आमच्या आईने जन्मभर तेच केलं, पण ते तिच्या पातेल्याला आणि तिच्या बोटाला जमलेलं होतं. उकडा तांदूळ लावणाऱ्यांनी मात्र तासभर भिजवून एकास तीन घालावं, आणि पेज हवी असेल तर हा कुकर विसरा, पेजेत पाणी संपतच नाही, स्विच वर येणार नाही आणि सगळं उतू जाईल.

स्विच टक् झाला की लगेच झाकण उघडू नका. दहा-पंधरा मिनिटं तसाच वाफेत मुरू द्या, मग उलथण्याने कडेकडेने हलक्या हाताने मोकळा करा. इथे घाई केली की भात वरून ओला आणि खालून कोरडा वाटतो आणि दोष कुकरला जातो. तुमच्या घाईच्या सकाळी म्हणूनच मी म्हणेन पावणेसातला स्विच पाडा, सव्वासातच्या आसपास वर येईल, साडेसातला भात डब्यात भरण्याजोगा झालेला.

गरम ठेवायची सोय, ज्याला वॉर्म म्हणतात, ती ६० डिग्रीच्या वर ठेवते. दोन-तीन तास ठीक, त्यापुढे इंद्रायणी कडेने कडक आणि पिवळट होतो. पण कुकर बंद करून झाकण लावून भात तसाच संध्याकाळपर्यंत ठेवणं हे त्याहून वाईट. भातात बॅसिलस सीरियस नावाचे जिवाणू असतात, त्यांचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात वाढतात, त्यांचं विष परत गरम केल्याने जात नाही. उन्हाळ्यात भात विटलेला कळायच्या आधी पोट बिघडतं. उरलेला भात पसरट भांड्यात काढा, वाफ गेली की तास-दीड तासाच्या आत फ्रीजमध्ये. सासूबाई आहेत घरात म्हणून मुद्दाम लिहितोय.

डिजिटल, टायमरवाले, दहा-बारा बटणांचे, आणि ते जपानी-कोरियन इंडक्शनचे वीस-तीस हजारांचे कुकर चांगले नाहीत असं मी म्हणत नाही, त्यांच्या चिकट तांदळाला ते फार सुंदर जमतात. पण तुमच्या तीन हजारांत जो डिजिटल येईल त्यात पातेल्याचा पत्रा पातळ करून पैसे बटणांवर घातलेले असतात. आणि लाईट गेली की साधा चुंबकाचा स्विच खालीच राहतो, लाईट आली की जिथे होता तिथून पुढे सुरू, स्वस्तातला डिजिटल मात्र विसरून बसतो. आमच्याकडे २२ जुलै २०२१ ला महापूर आला, बाजारपेठ पाण्याखाली, त्यानंतर चार महिने माझ्याकडे चिखल भरलेले कुकर येत होते. साधे कुकर धुऊन, आठवडाभर वाळवून, वायर आणि फ्यूज बदलून मी बरेचसे चालू करून दिले. डिजिटलचं कार्ड गेलेलं, ते मिळेना, मिळालं तर नव्या कुकरच्या निम्म्या किमतीला. रात्री टायमर लावून सकाळी भात ही सोय ऐकायला छान, पण एप्रिल-मेमध्ये तांदूळ आठ तास पाण्यात राहिला की वास येतो, आणि इंद्रायणी एवढा भिजला की मोडतो.

परदेशातून कुकर आणायचा विचार असेल तर थांबा. अमेरिकेत १२० व्होल्ट, जपानमध्ये १००, आपल्याकडे २३०. एका आजोबांनी मुलाने अमेरिकेहून पाठवलेला कुकर पिन बदलून सरळ प्लगला लावला, साडेतीन पटीच्या वर वीज ओढून मिनिटभरात गेला, आतल्या वायरीसुद्धा वितळल्या. उलटं, तिकडे शिकायला जाणाऱ्या मुलीला इथला कुकर दिला तर जेमतेम पाव ताकदीने चालेल आणि भात शिजण्याऐवजी भिजेल. तिचा तिथे घेऊ दे.

विजेचं म्हणाल तर १ लिटरचा कुकर ४००-४५० वॅटचा, अर्ध्या तासात पाव युनिटच्या आत काम होतं, साधा ५-६ अँपिअरचा प्लग चालतो, फक्त तीन पिनी पाहिजेत आणि घराचं अर्थिंग खरं असलं पाहिजे. गावाकडे व्होल्टेज पडतं तिथे वेळ वाढतो, १८० व्होल्टला ७०० वॅटचा कुकर सव्वाचारशे-साडेचारशेवर येतो, बिघडलेला नसतो. कुकर एकदम मेला, दिवाही लागत नाही, तर बहुतेक आतला थर्मल फ्यूज उडालेला असतो, स्वस्त वस्तू आहे. पण जो मेकॅनिक फ्यूज काढून वायर डायरेक्ट जोडून देतो त्याच्याकडे परत जाऊ नका, पुढच्या वेळेला कोरडं पातेलं तापत राहिलं तर थांबवणारं काही उरत नाही.

तर तुमच्यासाठी, १ लिटर, ४०० ते ४५० वॅट, एक स्विच, जाड ॲनोडाइज्ड पातेलं, काचेचं झाकण, आयएसआयचा शिक्का, सुटं पातेलं गावात मिळणारं. दोन हजार ते अडीच हजारांत बसायला हवं, उरलेल्या पैशात आत्ताच एक जास्तीचं पातेलं घेऊन ठेवा.

सासूबाईंचा भात वेगळा लावायची गरज नाही. भात मुरला की डबे भरा, तुमचा वाढून घ्या, त्यांच्या वाट्याचा पातेल्यातच राहू द्या, त्यात अर्धा कप उकळतं पाणी आणि किंचित मीठ घालून उलथण्याने सारखा करा आणि स्विच परत खाली करा. सात-आठ मिनिटांत पाणी आटून स्विच वर येईल, झाकण न काढता पाच मिनिटं तसंच ठेवा. इंद्रायणी आहे, मस्त गुरगुट्या होतो, वर तूप आणि मेतकूट घालून द्या.